क्रॉस स्टिचचं किट, हूप आणि भिंगाचा दिवा: काही महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर ऑनलाइन मागवलेल्या क्रॉस स्टिचच्या, म्हणजे घराघरांच्या कापडावर फुल्या घालून चित्र भरायच्या, या सामानाबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, पण पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं म्हणून मुद्दाम थांबले. आता किटमधलं चित्र पूर्ण होऊन सासूबाईंच्या खोलीत टांगलंय आणि त्याच हूपवर (कापड ताणून धरायची गोल रिंग), त्याच दिव्याखाली दुसरं काम सुरू केलंय, त्यामुळे काय टिकलं न काय नाही ते बोलायला हरकत नाही. किट परत घेणार नाही. बाकीचं घेईन.

किटचं कापड चांगलं होतं हे आधी सांगते. १४ काउंट लिहिलेलं, पट्टी लावून मोजलं तर इंचात १४ घरं बरोबर, आडवी पण आणि उभी पण. आमच्याकडे मीटरवर मिळणाऱ्या मॅटीत, म्हणजे भरतकामाच्या साध्या घरांच्या कापडात, ही खात्री नसते, उभी-आडवी घरं कमी-जास्त निघाली की गोल फूल लांबट होतं. रुखवतातल्या टेबलक्लॉथला चालतं ते, चेहरा किंवा पक्षी भरायचा असेल तर नाही चालत. पण दोरा! पुठ्ठ्याला भोकं पाडून दोरे अडकवलेले आणि शेजारी नुसती चिन्हं, कुठल्या कंपनीचा, कितवा नंबर, काही म्हणजे काही नाही. शेवटी शेवटी पानांचा हिरवा संपला. तुकडा घेऊन दुकानात गेले, दिवसाउजेडी दारात उभं राहून अँकर कंपनीच्या लड्यांशी लावून बघितला, जवळचा मिळाला, पण ट्यूबलाइटखाली तो कोपरा वेगळा दिसतो तो दिसतोच. सासूबाई म्हणतात "अगं कोणाला कळणारे," पण मला कळतं ना.

म्हणून यावेळी पॅटर्न स्वतः केला. फेब्रुवारी-मार्चमध्ये ठाण्याच्या येऊरला पळस पेटलेला असतो, त्याचा फोटो होता मोबाइलमध्ये, त्यावरून ग्राफ काढला. १४० बाय ११२ घरं, म्हणजे १४ काउंटवर १० बाय ८ इंच, आणि फ्रेमसाठी चारी बाजूंनी ३-३ इंच सोडायचे, म्हणजे कापड १६ बाय १४. हे गणित कापायच्या आधी करा, दुकानदार "अर्धा मीटर देऊ का ताई" म्हणतो तेव्हा नाही. दोरे डीएमसी कंपनीचे घेतले कारण पळसाला नारिंगीच्या छटा जवळजवळच्या लागतात, नंबर ६०८, ९४६ आणि सावलीला ९००, देठाला आणि कळीच्या काळसर भागाला ३१०, म्हणजे काळा. अँकरपेक्षा खूप महाग पडतात, खरं सांगते, आणि काळ्यासाठी तर पुढच्या वेळी अँकरचा ४०३ च घेईन, काळ्यात मला काही फरक दिसला नाही. लडी दोन्हींची ८ मीटरचीच. सहा पदर असतात, त्यातले दोन घेऊन भरलं की एका लडीत साधारण दीड-दोन हजार फुल्या होतात, नासधूस धरून कमीच धरा. महत्त्वाचं काय तर नंबर हातात आहे, संपला तरी तोच रंग परत मिळणार.

हूप बांबूचा, ८ इंची. पहिल्या महिन्यात वैताग, कापड सारखं सैल व्हायचं. मग आतल्या रिंगला परकराची सुती नाडी गुंडाळून टोक टाचलं, तेव्हापासून ढोलकीसारखं ताठ राहतं. स्क्रूला मात्र गंज चढायला लागलाय, ठाण्याची हवा, काय करणार. रोज रात्री हूप काढून ठेवा, नाहीतर गोल वळ पडतात आणि ते धुऊनही लवकर जात नाहीत.

दिवा म्हणजे क्लिपवाला एलईडी, मध्ये भिंग. पॉवरबँकवर चालतो त्यामुळे लाइट गेले तरी काम थांबत नाही. भिंगातून सुरुवातीला गरगरतं, सवय होते. पण एक सांगून ठेवते, दिवसा खिडकीत उघडं भिंग ठेवू नका, ऊन एका जागी गोळा होऊन कापड जळू शकतं. मी वर जुना रुमाल टाकते.

बाकी चैत्रात काम कसं चालतं ते विचारू नका. लेकीचे दहावीचे पेपर संपेपर्यंत कापड बाहेरच काढलं नव्हतं, मग काठ दुमडून मशीनवर टीप मारली, घडी घालून मध्य काढला, दहा-दहा घरांवर पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने रेघा आखल्या (या रेघा धुवायच्या आधी इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने पक्क्या होतात) आणि दोन पाकळ्या होतात न होतात तोच गच्चीवर कुरडया घालायची वेळ आली. हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हं, आणि आलेल्या प्रत्येकीला "बघू बघू काय चाललंय" म्हणून कापड हातात हवं. हळदीचं एक बोट उमटलंच. साबण लावल्यावर ते लाल झालं, एक वहिनी घाबरल्याच, पण हळद साबणाने लालच होते, पाण्याने खळखळून उन्हात टाकलं, दोन दिवसांत उडालं. दोऱ्यांचा रंग अजिबात सुटला नाही, याचे डीएमसीला पूर्ण मार्क.

घामाचं मात्र करावंच लागतं काहीतरी. दुपारी दोन ते पाच मी सुई धरतच नाही, हात पुसून पुसून कंटाळा येतो आणि पांढऱ्या कापडावर राखाडी झाक येते. सुई २४ नंबरची बोथट टोकाची, किटमधली काळी पडली, नवीन पाकीट घेतलं. गाठ न मारता सुरुवात करायची असेल तर एकच पदर दुप्पट लांब घ्या, मधोमध दुमडून दोन्ही टोकं नेढ्यातून ओवा, पहिला टाका मागे नेताना मागच्या बाजूला राहिलेल्या फासातून सुई काढा, झालं. दोन पदरी कामाला हे एकदम मस्त, मागची बाजूसुद्धा दाखवण्यासारखी राहते.

कोणी विचारलं तर सांगेन, पहिल्यांदाच करताय तर किट घ्या पण दोऱ्याचे नंबर छापलेले आहेत का ते फोटोत झूम करून बघा, नसतील तर सरळ पुढे जा. हूप आणि दिव्याला पाचपैकी चार. एक कापला तो हूपच्या स्क्रूचा आणि दिव्याच्या वायरचा, फारच आखूड दिलीय, पॉवरबँक मांडीवर घेऊन बसावं लागतं.