एफआरसीचा नवा ६ गिगाहर्ट्झ रेडिओ: अख्खा सीझन वापरल्यावर

आमच्या इथे मिशिगनमध्ये बऱ्याच हायस्कूलना फर्स्ट या संस्थेच्या रोबॉट स्पर्धेची, म्हणजे एफआरसीची (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) टीम असते आणि त्यात मराठी मुलंही बऱ्यापैकी, त्यामुळे मेंटॉर म्हणून आईबाबा आपोआप ओढले जातात. मी कंट्रोल्स बघतो, म्हणजे वायरिंग, रोबोरिओ (रोबॉटचा मुख्य कंप्युटर) आणि हा रेडिओ, म्हणजे रोबॉटवरचा वायफायचा डबा. २०२५ च्या सीझनपासून अमेरिकेतल्या इव्हेंटना जुना ओपन-मेश रेडिओ जाऊन व्हीएच-१०९ हा नवा आला. आता शॉपमधली प्रॅक्टिस, डिस्ट्रिक्ट इव्हेंट, उन्हाळ्यातले डेमो, सगळीकडे वापरून झालाय, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट, कारण नवीन पालकांचा इथे हमखास गोंधळ होतो. मॅचमध्ये मुलांचा लॅपटॉप रोबॉटशी थेट वायफायने बोलत नाही. लॅपटॉप इथरनेटच्या वायरने फील्डला जोडलेला असतो, पुढे फील्डचा एकच वायफाय अॅक्सेस पॉइंट आणि तिथून हवेतून सहा रोबॉट. म्हणजे वायरलेस फक्त शेवटच्या काही फुटांचं. पण तेवढ्यातच सगळा जीव अडकलेला असतो, पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) यायचे थांबले की रोबॉट सेफ्टीसाठी मोटरी बंद करतो आणि साधारण अडीच मिनिटांच्या मॅचमध्ये वीस-तीस सेकंद पुतळा होऊन उभं राहिलात की संपलंच.

जुना रेडिओ इव्हेंटला ५ गिगाहर्ट्झवर चालायचा. त्या बँडमधला मधला मोठा तुकडा हवामानाच्या वगैरे रडारसोबत वाटून घ्यावा लागतो, रडार दिसलं की चॅनल सोडून पळायचं असा नियमच आहे, त्यामुळे भरवशाचे म्हणावेत असे चॅनल थोडेच उरतात, आणि शाळेच्या जिममध्ये शाळेचं स्वतःचं वायफायही त्याच चॅनलवर. वर प्रेक्षकांत कोणीतरी फोनचा हॉटस्पॉट लावून बसलेलं असायचंच. म्हणून हॉटस्पॉट बंद करा अशी घोषणा माइकवरून सारखी चालू. टीमने व्हेन्यूवर स्वतःचं वायफाय लावायचं नाही हा नियम आजही आहे आणि तो नुसता शिस्तीसाठी नाही. २०१२ ला सेंट लुईसच्या चॅम्पियनशिपमध्ये आइन्स्टाइन फील्डवर, म्हणजे अगदी शेवटच्या सामन्यांत, रोबॉट एकामागून एक मरायला लागले होते. नंतर फर्स्टने सविस्तर चौकशी करून रिपोर्ट काढला. त्यात निघालं की एक माणूस मोबाइलवरून मुद्दाम रोबॉटच्या नेटवर्कला जोडायचा प्रयत्न करत होता आणि त्या फसलेल्या प्रयत्नानेच खऱ्या रोबॉटचं कनेक्शन तुटत होतं. पासवर्ड माहीत असायचीही गरज नव्हती! पण त्याच रिपोर्टमध्ये काही रोबॉटांचे स्वतःचे पॉवरचे आणि वायरिंगचे दोषही सापडले होते, तो भाग कोणी सांगत नाही, सगळ्यांना हॅकरची गोष्ट आवडते.

तर नवा रेडिओ ६ गिगाहर्ट्झवर. अमेरिकेत एफसीसीने २०२० मध्ये ५.९२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ असा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा केला, त्याचा हा फायदा. प्रेक्षकांतल्या बऱ्याच फोनना अजून या बँडवर येताच येत नाही, शाळांचे राउटर जुनेच आहेत, रडारची भानगड नाही. फरक लगेच जाणवतो. मॅचनंतर लॅपटॉपवरच्या ड्रायव्हर स्टेशन या प्रोग्रॅमचा लॉग उघडला की आधी पॅकेट लॉसची रेष करवतीच्या दातांसारखी दिसायची, आता बहुतेक सपाट. पिंगही (पॅकेट जाऊन यायला लागणारा वेळ) स्थिर. मुलं तर लॉग बघायचंच विसरलीत.

आता खरी गंमत. हवा साफ झाली तरी पिटमध्ये (रोबॉट दुरुस्त करायची टीमची जागा) "काका, वायफाय गेलं" हे चालूच आहे. आणि इव्हेंटला टीमांना मदत करायला जे सीएसए (कंट्रोल सिस्टिमचे सल्लागार) असतात ते आले की पहिलं रेडिओ बघतच नाहीत, थेट बॅटरीच्या केबलला हात घालून हलवून बघतात. त्यांचं बरोबर आहे. बॅटरी १२ व्होल्टची, पण चारही चाकं आणि वरचा एलिव्हेटर एकदम दामटला की व्होल्टेज धाडकन पडतं, सात व्होल्टच्या खाली घसरलं की रोबोरिओ स्वतःला वाचवायला मोटरी तोडतो, आणि मुलांना बाहेरून ते कनेक्शन गेल्यासारखंच दिसतं. लॉगमध्ये व्होल्टेज आणि पॅकेट लॉस एकाच आलेखात दिसतात. व्होल्टेजचा खड्डा आधी आणि मग बाकीचं बिघडलं असेल तर रेडिओला शिव्या देऊ नका.

या बाबतीत नवा रेडिओ चांगलाच सुधारलाय. जुन्याला पॉवर द्यायला गोल बॅरल जॅक होता, दोन धडका बसल्या की सैल व्हायचा आणि रेडिओ रीबूट, मग तो परत उठेपर्यंत मॅच गेली. लोक हॉट ग्लू लावायचे, झिप टाय बांधायचे, एकेक प्रकार. नव्याला वायर खोचून दाबायचे टर्मिनल आहेत आणि १२ व्होल्ट सरळ घेतो. फक्त वायरीच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) लावून नीट दाबून क्रिम्प करा, नुसते तांब्याचे केस पिळून खोचले की परत तेच रडगाणं. इथरनेटचे पोर्ट चार आहेत, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी वेगळा स्विच बसवायची कटकट गेली.

जागा मात्र विचार करून निवडा. फ्रिक्वेन्सी जितकी वर तितकं अडथळ्यातून पलीकडे जाणं अवघड, आणि आमच्या मुलांना रेडिओ अॅल्युमिनियमच्या प्लेटमागे, बॅटरीच्या शेजारी लपवायची फार हौस. दिसायला छान दिसतं पण फील्डच्या लांबच्या कोपऱ्यात सिग्नल पडतो. वर, उघड्यावर आणि लाइट बाहेरून दिसतील असा लावा, कारण फील्डवर रोबॉट अडला की एफटीए, म्हणजे फील्ड सांभाळणारे तांत्रिक सल्लागार, पहिलं ते लाइटच बघायला वाकतात.

न आवडलेली गोष्ट म्हणजे घरची प्रॅक्टिस. ६ गिगाहर्ट्झवर चालवायचं तर दुसरा तसाच रेडिओ अॅक्सेस पॉइंट म्हणून हवा आणि लॅपटॉप त्याला वायरने. छोट्या टीमच्या बजेटला हे जड जातं. एकच असेल तर २.४ गिगाहर्ट्झ चालू करून लॅपटॉप थेट जोडता येतो, पण तिथे धड वेगळे असे चॅनल तीनच, त्यात ब्लूटूथ आणि शेजारच्या वर्गातला मायक्रोवेव्ह. कोड टाकायला ठीक, ड्रायव्हरची प्रॅक्टिस त्यावर करू नका. बाहेर पार्किंग लॉटमध्ये डेमो असेल तर या २.४ शिवाय इलाजच नाही कारण 'लो-पॉवर इनडोअर' वर्गातली ६ गिगाहर्ट्झ साधनं इथे उघड्यावर चालवायला परवानगी नाही. उन्हाळ्यातल्या एका जत्रेत आम्ही तसंच चालवलं, गर्दी वाढली तसा रोबॉट अडखळायला लागला, मग सरळ लांब इथरनेट वायर लावली आणि एका पोराला वायर धरून मागे मागे पळवलं. लोकांना तेच जास्त आवडलं.

आणि इंटरनेट. रेडिओ कितीही भारी असला तरी त्याचा इंटरनेटशी काही संबंध नाही हे पालकांना परत परत सांगावं लागतं. व्हेन्यूवर नेट नाही असं धरूनच चाला. शेकडो माणसं एका जिममध्ये, जाड काँक्रीटच्या भिंती, मोबाइलला दोन दांड्या दिसतात पण पान उघडत नाही. विंडोजचे अपडेट, डब्ल्यूपीआयलिब (रोबॉटचा कोड लिहायची लायब्ररी), मोटर कंट्रोलरच्या लायब्ररी, रेडिओचं फर्मवेअर सगळं घरी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि घरचं वायफाय बंद करून एकदा कोड बिल्ड होतोय का बघा, नाहीतर कोड बिल्ड करणारं ग्रेडल ऐन पिटमध्ये काहीतरी डाउनलोड करायला मागतं. फारच अडलं तर फोन यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडून नेट घेता येतं, त्यात हवेत नवीन नेटवर्क तयार होत नाही. स्काउटिंगचं, म्हणजे इतर टीमांचा खेळ नोंदवण्याचं, म्हणाल तर मुलांनी यावर मस्त तोडगा काढलाय, बऱ्याच टीम करतात तसा: टॅबलेटवर मॅचची नोंद करायची, शेवटी क्यूआर कोड तयार होतो, तो एका लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा. नेट नको, ब्लूटूथ नको.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात की तिकडे असं काही मिळेल का. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा खालचा तुकडा लायसन्सशिवाय खुला करायचा मसुदा सरकारने २०२५ मध्ये काढला होता, म्हणजे दिशा तीच आहे. पण कॉलेजातल्या स्पर्धांना ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथवाली स्वस्त चिप) आणि प्लेस्टेशनच्या ब्लूटूथ कंट्रोलरवर रोबॉट चालतात ते सगळं २.४ वरच, आणि हॉलमध्ये प्रत्येकाच्या खिशात फोन. त्यांनी रेडिओ बदलायच्या आधी फेलसेफ (कनेक्शन तुटलं की रोबॉट आपोआप थांबणं) तपासून घ्यावा: रोबॉट चालू असताना कंट्रोलर बंद करा आणि मोटरी थांबतात का ते बघा. आणि हे रोबॉट ठोकळ्यावर चढवून, चाकं हवेत ठेवून करा.