दुसरं व्हीएमसी घ्यावं की आधी आहे तेच शेड नीट लावावं? बडोद्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), पोरला, वाघोडियाला ज्यांचं एक-दोन मशीनचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देण्याचं काम आहे अशा आपल्या मराठी मुलांकडून हल्ली एकच प्रश्न सारखा येतो, की काका ऑर्डरी वाढल्यात, कस्टमर डिलिव्हरीसाठी रोज फोन करतोय, बँक लोन द्यायला तयार आहे, मग दुसरं व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन, टाकू का? आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी सांगितलेलं असतं की थांब, आधी प्रोसेस सुधार, सिस्टीम लाव, मशीन काय नंतरही मिळेल. दोन्ही बोलणी पटतात म्हणून घोडं अडतं. तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू. माझं मत आधीच सांगतो, बहुतेक ठिकाणी आधी प्रोसेस. पण काही ठिकाणी खरंच मशीन लागतं आणि तिथे टाळत बसलं तर हातातला कस्टमर जातो, ते कसं ओळखायचं तेही लिहितोय.

आधी आकडे, कारण याशिवाय सगळी चर्चा हवेत राहते. समजा एक शिफ्ट आहे, चहा-जेवण वजा जाता ४५० मिनिटं हातात. दिवसाला तीन वेळा जॉब बदलतो आणि प्रत्येक सेटअपला, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करायला, ५० मिनिटं जातात, म्हणजे १५० मिनिटं गेली, कटिंगला उरली ३००. आता तेच सेटअप २० मिनिटांवर आणलं तर जातात ६० आणि उरतात ३९०. तीस टक्के जास्त कटिंग, त्याच मशीनवर, त्याच पगारात. दोन शिफ्ट चालत असतील तर रोजचे ३ तास, महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ तास, आणि मशीनचा रेट ताशी ५०० धरला तर महिन्याला ३७,५०० रुपयांचं काम जे आज तुमच्या शेडमध्येच वाया जातंय.

दुसरी बाजू. २५ लाखांचं लोन, १० टक्के व्याज, ५ वर्षं, हप्ता येतो साधारण ५३ हजार. म्हणजे त्याच ५०० च्या रेटने महिन्याला १०६ तास फक्त बँकेसाठी मशीन चालवायचं, त्यात ऑपरेटरचा पगार नाही, लाईट बिल नाही, इन्सर्ट म्हणजे टूलची बदलायची पाती नाहीत, कूलंट नाही. आणि ऑर्डर कमी झाली म्हणून हप्ता कमी होत नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला, पण गणित हेच करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, की नवीन मशीन आलं तरी ते ५० मिनिटांचं सेटअप त्याच्यासोबतच येणार आहे. तीच वाया जाणारी वेळ आता दोन ठिकाणी. आणि सेटर, म्हणजे सेटअप करणारा माणूस, एकच असेल तर एक मशीन त्याची वाट बघत उभं राहणार, हे मी अनेक शेडमध्ये बघितलंय, चकचकीत नवीन व्हीएमसी आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसलेला ऑपरेटर. त्याला आळशी म्हणू नका, तो सेटरची वाट बघतोय.

सेटअप कमी कसं करायचं हे लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही आणि यात फार पैसाही लागत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी एक साधी विभागणी केली, मशीन थांबवूनच करावं लागतं असं काम वेगळं आणि मशीन चालू असताना करता येतं असं काम वेगळं. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचं ४ तासांचं सेटअप त्यांनी आधी दीड तासावर आणलं आणि नंतर चक्क ३ मिनिटांवर. आपल्याला ३ मिनिटं नकोत, २० पुरे.

आपल्या शेडमध्ये बघा काय होतं. आधीचा जॉब संपला की मशीन थांबतं, आणि मग ड्रॉइंग शोधायला सुरुवात, मग कळतं रिव्हिजन बदललीय, मग इन्सर्ट नाहीत म्हणून हेल्पर बाईकवर मार्केटमध्ये, मग व्हाईसचा, म्हणजे जॉब घट्ट धरणाऱ्या शिकंज्याचा, जॉ (जबडा) बदलायचा तर ॲलन की दुसऱ्याच मशीनवर, मग डायल लावून व्हाईस सरळ करा, ऑफसेट घ्या म्हणजे जॉबचा झिरो कुठे आहे ते मशीनला सांगा, पहिला पीस काढा, आणि तो पीस घेऊन तपासणीवाल्याकडे लाईनीत उभं राहा. यातलं खरं मशीन थांबवूनच करायचं काम किती? जॉ बदलणं, व्हाईस सरळ करणं, ऑफसेट, पहिला पीस. बाकी सगळं आधीचा जॉब चालू असतानाच होऊ शकतं. एक ट्रॉली घ्या, त्यावर पुढच्या जॉबचं ड्रॉइंग, टूल, गेज, मटेरियल आदल्या जॉबच्या वेळीच लावून ठेवा. टूल होल्डर बाहेरच बांधून लांबी मोजून ठेवा. व्हाईसला स्टॉपर कायमचा बसवा. प्रत्येक जॉबची एक सेटअप शीट, मोबाईलने काढलेला क्लॅम्पिंगचा फोटो, टूल लिस्ट, कुठला झिरो घेतला ते, एवढंच, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून मशीनवर टांगा. पहिल्या पीसला तपासणीत नंबर लावायचा नाही, तो थेट पुढे जाणार, एवढा एक नियम करा.

या शीटचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे खरं तर. आज सगळं ज्ञान एका सेटरच्या डोक्यात आहे, तो दिवाळीला गावी गेला, परत यायला आठवडा लावला, की धंदा थांबतो. असा धंदा वाढवायचा म्हणजे त्या एका माणसावर अजून ओझं टाकायचं. शीट असेल तर दुसरा मुलगा तयार होतो, आणि मग खरंच दुसरं मशीन घेतलं तर त्यावर बसवायला माणूस असतो.

मशीन घेण्याआधी अजून एक गोष्ट बघायलाच हवी, की अडलंय नक्की कुठे. शेडमध्ये एक चक्कर मारा आणि ढीग कुठे साठलेत बघा. पुष्कळदा व्हीएमसीसमोर ढीग नसतोच, तो असतो डीबरिंगला (कापल्यावर कडेला राहिलेली धार काढायला), नाहीतर तपासणीच्या टेबलावर, जिथे एक माणूस एका हाईट गेजवर सगळ्यांचं मोजतोय. तिथे अडलेलं असताना व्हीएमसी घेतलं तर पीस जास्त वेगाने तयार होऊन त्याच टेबलासमोर जास्त मोठा ढीग होणार, डिलिव्हरीची तारीख एक दिवसही अलीकडे येणार नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला एक नियम आहे, आत अडकलेलं काम भागिले रोज बाहेर पडणारं काम म्हणजे एका कामाला लागणारे दिवस. शेडमध्ये १२ जॉब पडलेत आणि रोज २ निघतात तर नवीन आलेल्या जॉबला सरासरी ६ दिवस लागणारच, कस्टमरला तुम्ही ३ दिवस सांगा नाहीतर काहीही सांगा. अशा वेळी एक जास्तीचं गेज आणि एक पार्टटाइम तपासणीवाला हा सगळ्यात स्वस्त विस्तार असतो.

पैशाची बाजू. वाढ झाली की आधी कॅश अडकते, मटेरियल आज आणायचं, पगार महिन्याला, पेमेंट मात्र दोन-तीन महिन्यांनी. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, त्यात मायक्रो आणि स्मॉल युनिटला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पेमेंट मिळायला हवं, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. पण हे दिवस मोजतात माल स्वीकारल्यापासून, आणि कस्टमरने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली तर ती हरकत दूर झाल्यापासून. आता तुम्ही इन्स्पेक्शन रिपोर्ट न जोडता माल पाठवला, चलनावर पीओचा (कस्टमरच्या लेखी ऑर्डरचा) नंबर चुकला, की हरकत घ्यायला आयतंच कारण मिळालं. डिस्पॅचच्या वेळी चार कागद बरोबर आहेत का हे बघणारा एक माणूस ठरवणं, ही पण प्रोसेसच आहे, आणि पेमेंट लवकर येण्यात तिचा हात मोठा असतो. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे सरकारकडे एमएसएमई म्हणून नोंदणी, नसेल तर ते मात्र आजच करा, ते फुकट आहे.

कोणीतरी तिसरा पर्यायही सांगेल, सगळ्या कामाची नोंद एकत्र ठेवणारं ईआरपी सॉफ्टवेअर घे. यावर थोडक्यात, आत्ता नको. जॉब कार्ड कागदावर नीट भरलं जात नसेल तर कॉम्प्युटरवरही भरलं जाणार नाही. सहा महिने कागदावर शिस्तीत चाललं की मग बघा.

आणि प्रोसेस सुधारायची तर सगळीकडे एकदम हात घालू नका. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली भागात चालवून बघितलं आणि १९०६ मध्ये पूर्ण संस्थानात लागू केलं. एवढा अधिकार हातात असलेल्या राजाने आधी एका भागात करून बघितलं, मग आपण पण एकाच कस्टमरचे, एकाच प्रकारचे जॉब घेऊन सुरुवात करायला काय हरकत आहे. सरकारी मदतही आहे, एमएसएमई मंत्रालयाची लीन (वाया जाणारं कमी करायची) स्कीम मार्च २०२३ मध्ये नव्याने आली, त्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार देतं, आणि झेड या दर्जाच्या सरकारी सर्टिफिकेटच्या फीमध्ये मायक्रो युनिटला ८० टक्के सूट आहे. अर्ज करायच्या आधी पोर्टलवर सध्याच्या अटी वाचून घ्या.

कामगारांशी बोलल्याशिवाय यातलं काहीच होत नाही. तुम्ही स्टॉपवॉच घेऊन उभे राहिलात की त्यांना वाटतं कोणाला तरी काढणार. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की कोणी जाणार नाही आणि वाचलेल्या वेळेतून जी जास्तीची कमाई होईल त्यातलं ठरलेलं काहीतरी त्यांना मिळेल, आणि ते खरंच द्या. वेळेची नोंद पण ऑपरेटरलाच करू द्या, मशीन का थांबलं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

आता मशीनच्या बाजूने, प्रामाणिकपणे. दोन्ही शिफ्ट भरल्यात, नोंदीत दिसतंय की मशीन उपलब्ध वेळेच्या पाऊण भागापेक्षा जास्त वेळ खरंच कटिंग करतंय, आणि तरी ढीग त्याच्याच समोर आहे, तर घ्या, प्रोसेसमधून आता अजून फार काही निघणार नाही. जॉबचा साईजच तुमच्या टेबलावर बसत नसेल किंवा जॉब फिरवणारा चौथा ॲक्सिस लागत असेल तर सेटअप शीट लिहून तो जॉब होणार नाही. आणि एकच मशीन आहे, स्पिंडल (टूल फिरवणारा मुख्य भाग) गेला तर तीन आठवडे बंद, ही भीतीही खरी आहे, त्यासाठी दुसरं मशीन घेणं अजिबात चूक नाही, फक्त तोपर्यंत शेजारच्या शेडवाल्याशी अडीअडचणीला एकमेकांचे जॉब काढून द्यायचं ठरवून ठेवता येतं, मकरपुऱ्यात हे चालतं. पण मशीन घेताना मार्जिन मनीशिवाय (लोन घेताना आपल्याला घालावा लागणारा हिस्सा सोडून) निदान तीन महिन्यांचा हप्ता आणि पगार बाजूला हवा, आणि काम एकाच कस्टमरच्या तोंडी आश्वासनावर अवलंबून नको, पीओ हातात हवी.

म्हणून पंधरा दिवस एक वही मशीनपाशी ठेवा. मशीन थांबलं की वेळ आणि कारण, परत चालू झालं की वेळ, बस. पंधरा दिवसांनी बेरीज करा. सेटअप, ड्रॉइंग, टूल, तपासणी यातच जास्त वेळ गेलेला दिसला तर लोनच्या फाईलवर सही करू नका, आधी दोन-तीन महिने यावर काम करा. तसं नसेल तर मशीनवाल्याला फोन करा. कोटेशन मात्र आत्ताच मागवून ठेवायला हरकत नाही, त्याची मुदत बहुतेक महिनाभर असते आणि वही त्याच्या आत भरून होते.