कार्बन-सिरॅमिक की बिडाच्या डिस्क? सुपरकारचे ब्रेक निवडताना

सुपरकारच्या ऑप्शनच्या यादीत रंगाच्या खालोखाल खल होतो तो ब्रेकवर. मी दोन्ही प्रकार रोजच्या वापरात अनुभवले आहेत. आधीच्या गाडीला कार्बन-सिरॅमिक होते, आताच्या गाडीला बिडाच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या, आहेत आणि त्या मी समजून-उमजून निवडल्या. तरी सिरॅमिकवाल्यांना वेड्यात काढणार नाही. त्यांच्या बाजूला बरंच काही आहे.

काही ठिकाणी निवडीचा प्रश्नच येत नाही. फेरारीने २००८ पासून सिरॅमिक सरसकटच दिले. पण पोर्शे ९११ जीटी३ सारख्या गाडीत निवड तुमच्यावर सोडलेली असते, आणि तिथेच डोकं खाजवायची वेळ येते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सिरॅमिकने गाडी कमी अंतरात थांबते, हे एका ब्रेकपुरतं तरी खरं नाही. शंभरच्या वेगात करकचून ब्रेक मारलात की दोन्ही प्रकारांत एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, थरथरू लागतं. म्हणजे टायरची पकड संपली, डिस्कची ताकद अजून शिल्लक आहे. फरक दिसतो तो एकामागून एक जोरदार ब्रेक मारत गेलात तर. दीड टनाची गाडी ताशी ३०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ५२ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते, म्हणजे १०० वरून थांबवताना लागते त्याच्या नऊपट. ही भट्टी बीडही सोसतं, पण मर्यादेत. पुढे डिस्कला दाबून धरणारे पॅड आणि ब्रेक ऑइल तापून पेडल लांब जायला लागतं. सिरॅमिक त्या बाबतीत जास्त खंबीर, हे मान्यच.

दुसरा फायदा वजनाचा. सिलिकॉन कार्बाइड आणि कार्बनचे तंतू यांची ही डिस्क घनतेने बिडाच्या एक तृतीयांश असते. पण तेवढ्याच आकारात ती उष्णता कमी साठवते, म्हणून बऱ्याचदा मोठी करावी लागते. ९११ टर्बो एसच्या ९९२ पिढीत पुढची डिस्क ४२० मिलिमीटरची आहे. सगळा हिशेब करून वजन साधारण निम्म्यावर येतं. स्प्रिंगच्या खालचं आणि शिवाय फिरणारं वजन असल्यामुळे ही घट फार मोलाची. मी काही मोजमाप केलं नाही, पण खडबडीत रस्त्यावर आधीच्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यातून निघून लगेच जागेवर बसायचं. आताची गाडी त्या बाबतीत किंचित जड पावलांची वाटते. अर्थात दोन गाड्यांचं सस्पेन्शनही वेगळं आहे, त्यामुळे सगळं श्रेय डिस्कला देता येणार नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निकाल लावला ती. आवाज.

ड्युअल क्लच गिअरबॉक्सची गाडी गर्दीत ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकते. मग पाय सतत पेडलवर हलका ठेवून तिला सांभाळावं लागतं. नेमकं हेच गार सिरॅमिकला मानवत नाही. थांबायला शेवटचा वीतभर उरला की पॅड डिस्कवर धरतं-सोडतं, धरतं-सोडतं, आणि त्या थरथरीतून बारीक, टोकदार किंचाळी निघते. तळघरातल्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना तर ती भिंतींवर आपटून दुप्पट होते. वळणावर मालगाडीची चाकं रुळाला घासावीत तसा तो आवाज, आणि लोक वळून बघतात ते कौतुकाने नव्हे. वर्कशॉपमध्ये दाखवलं. पॅड काढून, पुसून, परत बसवून झाले. उत्तर मिळालं, ‘हा यांचा स्वभावच आहे.’ मोकळ्या रस्त्यावर वेगातून लागोपाठ जोरदार ब्रेक मारून पॅड नीट बसवले की काही दिवस शांतता. पुन्हा शहरातलं हळूहळू चालवणं, पुन्हा पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत, पुन्हा किंचाळी.

सगळ्याच सिरॅमिकना हे होतं असं नाही. पॅडच्या मिश्रणावर आणि कॅलिपरवर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीवर, बरंच अवलंबून असतं. पण चौकशी करताना हीच तक्रार इतक्या जणांकडून ऐकली, की एकट्या माझ्या गाडीचं खूळ म्हणून सोडून देता आलं नाही. रोजच्या रस्त्यावर मी या ब्रेकचा दहावा हिस्साही वापरत नव्हतो, आणि न वापरल्याची शिक्षा रोज कानाला होत होती.

फॉर्म्युला वनचे कार्बन ब्रेक म्हणजे हेच, असा समज असेल तर तो काढून टाका. ते कार्बन-कार्बन असतात आणि तापल्याशिवाय धड पकडतच नाहीत. रस्त्यावरचं सिरॅमिक गारठ्यातही पकडतं. गाडी धुतल्यावर किंवा पावसात पहिला ब्रेक क्षणभर उशिरा लागतो, एवढंच.

बिडाचे त्रासही सांगायलाच हवेत. चाकांवर काळी पूड बसते, आणि फिक्या रंगाची चाकं असतील तर चार दिवसांत रया जाते. गाडी धुऊन उभी केली की दुसऱ्या दिवशी डिस्कवर नारिंगी गंज, पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर. पण ती खरखर लगेच निघून जाते आणि पूड धुता येते. सिरॅमिकची चाकं स्वच्छ राहायची, त्याची मात्र अजून आठवण येते.

ट्रॅकवर जाणार असाल तर सिरॅमिकच, हा सल्लाही मी तसाच देणार नाही. फार तापल्यावर डिस्कमधला कार्बन हवेशी संयोग पावून हळूहळू जळतो. जाडी जागच्या जागी, वजन मात्र घटलेलं. म्हणून अनेक डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं. बदलायची वेळ आली तर चार डिस्कच्या खर्चात एक साधी नवी गाडी दारात येईल. त्यामुळेच नेमाने ट्रॅकवर जाणारे कित्येक जण सिरॅमिक काढून, कापडात गुंडाळून ठेवतात आणि बिडाच्या डिस्क लावतात.

मोकळ्या महामार्गांवर लांबचा, वेगाचा प्रवास जास्त असेल, गर्दीशी संबंध कमी असेल, तर सिरॅमिक जरूर घ्या. चाकांचा हलकेपणा तिथे सुखावतो. बाकी ज्यांची गाडी आठवड्यातून बऱ्याचदा सिग्नलला उभी राहणार, त्यांनी माझ्या मते बिडाच्या डिस्क घ्याव्यात आणि वाचलेले पैसे टायरवर घालावेत. पोर्शेच्या सिरॅमिकबरोबर येणाऱ्या कॅलिपरच्या पिवळ्या रंगाचा मोह असेल तर त्याला माझ्याकडे इलाज नाही.

जुनी गाडी घेताना सिरॅमिक असलेलीच पसंत पडली, तर चाक उतरवून बॅटरीच्या उजेडात डिस्कची कड सगळीकडून बघा. चाक काढता-घालताना रिमचा धक्का लागून कडेचा टवका उडतो. तो टाळायला बोल्टच्या भोकात मार्गदर्शक पिन लावतात, पण प्रत्येक टायरवाला ती लावतोच असं नाही. टवका दिसला तर डिस्कचं वजन करून घेतल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करू नका.