एचिंगच्या आणि कोरीव काचेत भरायचे रंग: कोणती बाटली कशासाठी

काचेवर रंगकाम करायचंय म्हटलं की दुकानदार ग्लास कलरचा सेट पुढे करतो. गुळगुळीत काचेवर लायनरने, म्हणजे उठावदार रेषा काढायच्या ट्यूबने, नक्षी काढून आत रंग सोडायचा असेल तर तो सेट योग्यच आहे. पण काच आधी एचिंग क्रीमने (काचेचा पृष्ठभाग खाऊन खरखरीत करणाऱ्या रसायनाने) दुधी केलेली असेल किंवा डायमंड बरने (हिऱ्याची पूड लावलेल्या फिरत्या टोकाने) कोरलेली असेल, तर आधी विचार छटेचा नव्हे, दुधीपणाचा करायला हवा. रंग भरल्यावर तो राहणार की जाणार? याच कसोटीवर इथे चार प्रकार पाहिले आहेत: सॉल्व्हंट-बेस्ड (पाण्याऐवजी टर्पेंटाइनसारख्या द्रावकावरचे) ग्लास कलर, भाजून पक्का होणारा पेबिओ कंपनीचा व्हिट्रिया 160, रब एन बफ ही मेणाची धातुरंगी पेस्ट आणि नेहमीचे ॲक्रिलिक.

बाटली उघडण्याआधी एवढं करा. एचिंग केलेल्या भागावर बोटाने पाण्याचा थेंब पसरा. पाण्याखालची काच लगेच जवळजवळ स्वच्छ दिसायला लागते, आणि पाणी वाळेल तसा कडेकडून पांढरेपणा आत सरकत परत येतो. दुधी काच पांढरी दिसते ती तिच्यावरच्या असंख्य बारीक खळग्यांमुळे. प्रकाश त्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो. खळगे भरले की विखुरणं थांबतं. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.33 आणि साध्या काचेचा 1.52 च्या आसपास, म्हणून ओल्या काचेत थोडा धूसरपणा उरतो. ग्लास कलरमधलं रेझिन, म्हणजे सुकून थर होणारा राळेसारखा पदार्थ, साधारण 1.5 चं असतं, म्हणजे जवळपास काचेइतकंच. ते खळग्यात बसलं की दुधीपणा पाण्याने जातो त्याहून जास्त जातो, आणि हा पाण्यासारखा वाळून परत येत नाही. पारदर्शक निळा लावला तर हाती येते ती पारदर्शक निळी काच. तेच हवं असेल तर उत्तम. दुधी निळं हवं असेल तर बाटली चुकली.

दुसरा मुद्दा खोलीचा. एचिंग क्रीम काच फक्त खरखरीत करते, तिथे खाच पडत नाही. बरने कोरलेल्या रेषेला मात्र तळ आणि भिंती असतात, सँडब्लास्टिंगने (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने) खोल नेलेल्या अक्षरालाही असतात. खाचेत रंग भरून वरचा पुसता येतो. क्रीमच्या दुधी भागावर तसं केलं तर पुसण्यात बहुतेक रंग निघून जातो आणि डाग तेवढा उरतो.

सॉल्व्हंट-बेस्ड ग्लास कलरमध्ये कॅमल आणि फेव्हिक्रिलचे छोट्या बाटल्यांचे सेट स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतात. त्यांचे वॉटर-बेस्ड सेटही असतात, तेव्हा बाटलीवरचं वाचून घ्या. पेबिओचा व्हिट्रेल याच जातीचा, पण चकाकी आणि छटांची खोली जास्त. या रंगांची खरी जागा म्हणजे रंगीत काचेसारखा उजेड खेळवायचा असेल ती: खिडकीचं तावदान, दिव्याची काच, पार्टिशन. एचिंगची कड स्वच्छ असेल तर लायनर लागतच नाही. पातळ रंग खरखरीत भागावर आपोआप कडेपर्यंत पसरतो आणि गुळगुळीत काच लागली की थबकतो. ब्रश टेकवायचा मध्यभागी, कडेला रंगाला स्वतः पोचू द्यायचं. ब्रश कडेवर नेलात की रंग ओलांडलाच म्हणून समजा.

यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हात लावण्याइतके सुकायला 6 ते 8 तास लागतात, पक्के व्हायला एक-दोन दिवस. त्यानंतरही टर्पेंटाइनने निघतात आणि रोजच्या घासण्या-धुण्यात टिकत नाहीत. पाणी प्यायच्या ग्लासवर ते लावूच नयेत. कडक उन्हात गुलाबी आणि जांभळ्या छटा आधी फिक्या पडतात. एचिंगसाठी चिकटवलेला व्हायनिल स्टेन्सिल तसाच ठेवून हे रंग लावणार असाल तर आणखी एक अडचण: सॉल्व्हंट व्हायनिलचा गोंद सैल करतो आणि रंग कडेखाली शिरतो. एकच पातळ हात द्या आणि रंग चिकट असतानाच स्टेन्सिल काढा. पूर्ण सुकल्यावर ओढलात तर रंगाचा थर स्टेन्सिलबरोबर पापुद्र्यासारखा उठतो.

वापरायच्या वस्तूंसाठी, म्हणजे ग्लास, जग, बरण्या यांसाठी, चौघांत आमची पसंती निर्विवादपणे व्हिट्रिया 160 ला आहे. रंग पाण्यावरचा, बाटली 45 मिलीची, आणि यात चकचकीत छटांबरोबर फ्रॉस्टेड छटाही मिळतात. एचिंगसाठी महत्त्वाच्या त्या याच. खळगे भरले तरी वरचा थर स्वतःच धूसर असतो, त्यामुळे गेलेला दुधीपणा रंगातून परत मिळतो. ग्लासवर एचिंगने काढलेल्या पानात फ्रॉस्टेड हिरवा भरला तर पान दुधीच राहतं, फक्त हिरवं होतं. चकचकीत हिरवा भरला तर त्याच पानातून पलीकडचं दिसू लागतं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून एकाच टाकाऊ काचेवर लावून पाहा, फरक लगेच कळेल.

हा रंग स्पंजने लावा. ब्रशचे फराटे खरखरीत काचेवर उठून दिसतात. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा 2 सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर थोडासाच रंग, आणि उभे थापटे. पहिला हात इतका पातळ द्या की रंग अपुरा वाटेल. तासाभराने दुसरा. स्टेन्सिल याही वेळी रंग ओलसर असतानाच निघतो. मग 24 तास सुकवायचं. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, 36 ते 48 तास द्या, कारण आत पाणी राहिलं तर भाजताना त्याचे बुडबुडे होतात आणि ते काही केल्या बसत नाहीत.

भाजताना ग्लास थंड ओव्हनमध्येच ठेवायचा. तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवला तर जाड बुडाचा ग्लास तडकतो. तापमान 160 अंशांवर पोचलं की तिथून 40 मिनिटं मोजायची, मग बंद करून दार न उघडता आतच गार होऊ द्यायचं. घरच्या ओटीजी ओव्हनवरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत बऱ्यापैकी तफावत असते, म्हणून ओव्हन थर्मामीटर आत ठेवून एकदा तपासा. तापमान जास्त झालं तर रंग तपकिरीकडे झुकतो आणि पांढरा सगळ्यात आधी पिवळा पडतो. कमी झालं तर दिसायला सगळं ठीक, पण काही धुण्यांनंतर कडेपासून सुटायला लागतं. मधल्या जाळीवर ठेवा, कॉइलपासून दूर. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर. आरसा किंवा गोंदाने जोडलेली वस्तू भाजू नका, आरशामागचा लेप आणि गोंद दोन्ही खराब होतात. नीट भाजलेला व्हिट्रिया डिशवॉशरलाही टिकतो. तरी तारेची घासणी लांबच ठेवा, आणि रंग ग्लासच्या बाहेरच्या बाजूलाच, ओठ लागतात त्या कडेपासून किमान 2 सेंटिमीटर खाली.

कोरीव रेषेत मात्र व्हिट्रियाच्याही पारदर्शक छटा निराश करतात, आणि इथेच सर्वात जास्त साहित्य वाया जातं. बरने कोरलेली रेषा उठून दिसते ती तिच्या पांढऱ्या खरखरीतपणामुळे. अर्धा मिलिमीटर रुंद रेषेत पारदर्शक लाल भरला तर पांढरेपणा गेला आणि रंगाचा थर इतका पातळ की लाल दिसतही नाही. रेषा कोरली होती त्याहून फिकी दिसते. बारीक रेषेला अपारदर्शक रंगच हवा. रुंद खाचेत पारदर्शक रंगाची चकाकी हवीच असेल तर आधी अपारदर्शक पांढऱ्याचा हात द्या, तो सुकला की वर पारदर्शक रंग. काच मागून कोरलेली असेल आणि समोरून पाहायची असेल, जसं काचेच्या नेमप्लेटवर, तर क्रम उलटा: आधी पारदर्शक रंग, त्यामागे पांढरा. अक्षरंही उलटी कोरलेली असतात, तसाच रंगही उलटा चढवायचा.

खाच भरण्याआधी ती खरोखर साफ आहे का ते पाहा. कोरताना पडलेली काचेची पांढरी भुकटी तळाशी घट्ट बसते. कोरडी झटकू नका, ती श्वासात जाणं चांगलं नाही. जुना टूथब्रश, पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घेऊन घासा, धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. भुकटी राहिली तर रंग काचेला न धरता भुकटीला धरतो आणि महिन्याभरात तुकडा उडून येतो. दुधी भागावर बोटंही लावू नका. खळगे बोटांचं तेल धरून ठेवतात आणि तेवढ्या जागी रंग फाटतो.

पहिला हात पातळ, रंगात साधारण दहावा हिस्सा त्याच रंगाचा थिनर (पातळ करणारा द्रव) मिसळून, म्हणजे तो तळापर्यंत उतरतो आणि हवा बाहेर येते. बुडबुडा दिसला तर टाचणीने फोडा. सुकताना रंग आक्रसतो आणि मध्ये खोलगट बसतो, त्यामुळे दुसरा, कधी तिसरा हात लागतोच. वरचा जास्तीचा रंग 10 ते 15 मिनिटांत पुसायचा, आणि पुसणं कसं ते इथे फार महत्त्वाचं आहे. फडकं बोटावर गुंडाळलं तर बोट खाचेत उतरतं आणि भरलेला रंग उचलून आणतं. जुनं सुती कापड खोडरबरवर किंवा एटीएम कार्डावर ताणून धरा आणि रेषेला आडवं, एकाच दिशेने सपाट फिरवा. दर फिरवणीला कापडाची स्वच्छ जागा. उरलेली धूसर छटा 24 तासांनी दाढीच्या ब्लेडने अगदी तिरपं धरून खरवडा. गुळगुळीत काचेवरून ती सहज सुटते, खाचेतला रंग जागचा हलत नाही.

रब एन बफ हा मेणाचा प्रकार. कार्नौबा मेणात धातूरंगाची बारीक पूड, 15 मिलीची ट्यूब. भारतात ती सगळीकडे मिळत नाही, मागवावी लागते. पण क्रीमने एचिंग केलेल्या काचेवर सोनेरी किंवा चंदेरी काम करायचं असेल तर तिला तोड नाही. मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट बोटाने चोळायची आणि कोरड्या कापडाने पुसायची. खरखरीत भाग मेण धरतो, गुळगुळीत काच सोडून देते. स्टेन्सिल नको, ब्रश नको, दहा मिनिटांत काम होतं. पूड अपारदर्शक असल्यामुळे दुधीपणाचा प्रश्नच उरत नाही. बारीक कोरीव अक्षरांतही ती सुंदर बसते. थोडी टर्पेंटाइनने सैल करून टूथपिकने खाचेत दाबा आणि कार्डावरच्या कापडाने पुसा. मेण असल्यामुळे गरम पाणी आणि साबण तिला चालत नाहीत. स्मृतिचिन्ह, फोटोफ्रेम, शोभेची बाटली एवढ्यावरच वापरा.

ॲक्रिलिक घरात असतंच म्हणून लोक तेच लावतात. खोल खाचेत अपारदर्शक भरण म्हणून ते चालतं, कारण भिंती त्याला धरून ठेवतात. एचिंग क्रीमच्या उथळ भागावर मात्र पाण्यात भिजल्यावर रबरासारखं सोलून निघतं. सजावटीच्या वस्तूवर ठीक, धुण्याच्या वस्तूवर नको.

काचेच्या कडेतून एलईडीचा प्रकाश सोडलेली नेमप्लेट असेल तर वरचे चारही पर्याय बाजूला ठेवा. तिथे कोरलेली रेषा उजळते तीच तिच्या रिकाम्या खरखरीत भिंतींमुळे. गडद रंग भरला की तो प्रकाश शोषून घेतो आणि अक्षर विझतं. रंग हवा असेल तर पट्टीच रंगीत एलईडीची घ्या आणि खाच भुकटी काढून तशीच ठेवा.