पाळणाघरासाठी ओसी (जागा वापरायला नगरपालिकेचा दाखला) काढली, साडेतीन महिने लागले, सविस्तर अनुभव

आधी रेटिंग सांगते. नगरपालिकेच्या खिडकीवरच्या कामाला ५ पैकी २ आणि जागेवर येऊन जी तपासणी झाली तिला ५ पैकी ५. ऑफिस एकच आहे तरी सरासरी काढून साडेतीन देणार नाही, कारण दोन्ही अनुभव अगदी टोकाचे आहेत.

मी आणि वहिनीने मिळून पाळणाघर काढायचं ठरवलं, तळमजल्यावरची जागा भाड्याने घेतली, आधी तिथे कपड्यांचं दुकान होतं. मालक म्हणाले बिल्डिंगला ओसी आहे, झेरॉक्सपण दिली, आम्ही निर्धास्त झालो आणि इथेच फसलो. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र हे त्या जागेच्या ठरावीक वापरासाठी असतं, दुकान म्हणून मिळालेलं पाळणाघराला चालत नाही, वापर बदलला की परत अर्ज, परत नकाशा, परत तपासणी. आणि ते बरोबरच आहे, दुकानातलं गिऱ्हाईक काही झालं तर स्वतःच्या पायाने बाहेर पळतं, दीड वर्षाचं पोर पळत नाही, त्याला कोणीतरी उचलून न्यावं लागतं. पण हे मला कळायला तीन आठवडे गेले, कारण खिडकीवर फॉर्म घेतला, पोच दिली, वापर बदलाचा वेगळा अर्ज लागतो हे कोणी सांगितलंच नाही.

नवीन अर्ज केला तर त्रुटी निघायला लागल्या, त्याही एकेक करून. पहिली, फायर एनओसी (अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र) जोडलेली नाही. जोडली. बारा दिवसांनी दुसरी, मालकाचं संमतीपत्र पाहिजे. दिलं. मग तिसरी, जागेवर माळा आहे आणि मंजूर नकाशात नाही. आधीच्या दुकानदाराने माल ठेवायला लाकडी माळा करून घेतला होता, तो शेवटी तोडावा लागला. फाईल पहिल्याच दिवशी नीट वाचली असती तर तिन्ही गोष्टी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या ना, तोवर आमचं भाडं चालू, दोन जणींना कामावर घेतो म्हणून शब्द दिलेला, आणि वहिनी रोज संध्याकाळी विचारणार आज काही झालं का. ऑफिसच्या बाहेर एक एजंट भेटला, व्हिजिट न होता दाखला हातात देतो म्हणाला. मी दोन दिवस विचार करत होते हे खरं आहे. नाही म्हटलं ते किती बरं झालं ते तपासणीच्या दिवशी समजलं.

तपासणीला आलेले साहेब पन्नाशीचे, हातात टेप आणि आमचा नकाशा. रंगवलेल्या भिंतींकडे, खेळण्यांकडे बघितलंपण नाही, सरळ मागच्या दाराशी गेले. दाराला आतून कुलूप. किल्ली कुठे आहे विचारलं. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स पुढच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. मी धावत जाऊन आणली, कुलूप उघडलं, तोपर्यंत ते घड्याळ बघत उभे होते, एवढंच म्हणाले, "मॅडम, ४० सेकंद." मग मेन स्विच बंद करायला लावला. मुलांची झोपायची खोली भर दुपारीसुद्धा काळोखी झाली, पुढचा इमर्जन्सी दिवा लागला, मागच्या दारावरचा लागलाच नाही, साहेबांनी स्टुलावर चढून उघडून बघितला तर बॅटरीची वायर जोडलेलीच नव्हती. दिवा भिंतीवर दिसतोय म्हणजे तो लागणार असं मी धरून चालले होते. लाईट गेल्यावर तो कमीत कमी ९० मिनिटं चालला पाहिजे, तेपण तेव्हा कळलं.

ते दार आत उघडायचं, ते बाहेर उघडणारं करून घ्या आणि कुलूप काढून आतून दाबलं की उघडेल असा आडवा दांडा बसवा म्हणाले. मी रात्री याबद्दल वाचत बसले तर १८८३ ची इंग्लंडमधल्या संडरलंडची घटना सापडली, व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता, बक्षिसं वाटतायत म्हणून गॅलरीतली मुलं जिन्याने खाली धावली, खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून बोल्ट लावलेलं. १८३ मुलं गेली. आग नव्हती, काही नव्हतं, फक्त दार. मला त्या रात्री झोप लागली नाही.

अजून एक, आम्ही ४० मुलं घ्यायची ठरवलेली. साहेबांनी माणशी ३५ चौरस फूट धरून हिशोब केला, इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्येपण डे केअरला हाच आकडा आहे, आणि त्यात पॅसेज, बाथरूम धरत नाहीत. सांभाळणाऱ्या बायका धरून २६ आले. आमचं सगळं गणित बदललं, फी परत ठरवावी लागली, पण २६ जण तिथे प्रत्यक्ष बसवून बघा, त्याच्यावर एक पाळणापण जास्त मावत नाही.

नऊ दिवसांनी ते परत आले, दार ढकलून बघितलं, मेन बंद केला, दोन्ही दिवे लागले, सही केली.

कोणी जागा बघत असेल तर अ‍ॅग्रीमेंटच्या आधी मालकाकडून ओसी आणि मंजूर नकाशा दोन्ही मागा, ओसीवर वापर काय लिहिलाय तो वाचा आणि नकाशा हातात धरून जागेत फिरा, आमचा माळा तिथेच पकडला गेला असता. इंटिरियरचा खर्च त्यानंतर.

दाखला मिळाला पण त्यात तळमजल्याच्या ऐवजी पहिला मजला छापलाय. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, पोच जवळ आहे, उद्या परत खिडकीवर जायचंय.