ऑलिम्पिकची लायका आणि माझी भीड

जुन्या कॅमेऱ्यांनी फिल्मवर फोटो काढण्याचा छंद मला निवृत्तीनंतर पुन्हा जडला, आणि त्याच छंदापायी गेल्या वर्षी मी पासष्ट हजार रुपयांना फसलो. ही हकिगत लिहायला इतके दिवस मी कचरत होतो, कारण ज्या युक्तीने मला फसवले गेले ती मला आधीपासून ठाऊक होती. रशियन कॅमेऱ्यावर लायका या नामांकित जर्मन कॅमेऱ्याचे नाव कोरून तो विकला जातो, हे मी वाचले होते आणि छंदातल्या दोन मित्रांना सावधगिरी म्हणून सांगितलेही होते. तरी प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा ते सारे ज्ञान खिशात राहिले आणि पाकीट तेवढे बाहेर आले.

माझा पहिला कॅमेरा म्हणजे वडिलांचा आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो निघत, त्यामुळे वडील घरच्या लग्नातसुद्धा बटण दाबण्यापूर्वी उरलेले आकडे मनात मोजत असत. पुढे नोकरीच्या धबडग्यात सगळेच सुटले. निवृत्तीनंतर पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी रमतगमत फिरताना एक याशिका इलेक्ट्रो ३५ हाती लागला आणि सगळे पुन्हा सुरू झाले. कृष्णधवल रोल आता मी घरीच, न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून धुतो. रोल टाकीतून काढून दिव्यासमोर धरला की ओल्या पट्टीवर माणसे उलट्या छटांत दिसू लागतात, त्या क्षणासाठी मी अर्धा दिवस आनंदाने घालवतो. या छंदात पडलेल्या माणसाला आज ना उद्या लायकाचे वेड लागतेच. ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर बेतलेला तो लहानसा कॅमेरा लाइट्झ कंपनीने १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत मांडला आणि १९३२ च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये अंतर मोजणारा रेंजफाइंडर आतच बसवला. हे दुसरे मॉडेल मला हवे होते.

विक्रेता मला जुन्या वस्तूंच्या देवघेवीतून भेटला. त्याने पाठवलेल्या फोटोत हिरव्या मखमलीवर एक लायका ठेवलेली होती, आणि तिच्या माथ्यावर ऑलिम्पिकची पाच वर्तुळे व ‘बर्लिन १९३६’ अशी अक्षरे कोरलेली होती. मुंबईतल्या एका जुन्या घराण्यातले आजोबा ते ऑलिम्पिक पाहायला जर्मनीला गेले होते, तिथून त्यांनी हा कॅमेरा आणला आणि आता नातवंडे परदेशी असल्याने घर आवरले जात आहे, असे त्याने सांगितले. गोष्ट इतकी चपखल होती की तीत संशयाला जागाच उरली नव्हती. मी किंमत विचारली तेव्हा तो लगेच बोलला नाही, उलट ‘काका, तुम्ही वापरणार की कपाटात ठेवणार?’ असे त्याने मलाच विचारले. आपला कॅमेरा योग्य हाती पडावा अशी या माणसाची तळमळ आहे, असे मला वाटले. दुसरे गिऱ्हाईक शनिवारी येणार असल्याचे कळताच पाच हजार रुपये मी मोबाइलवरून तिथल्या तिथे पाठवून दिले.

आम्ही दादरला एका उपाहारगृहात भेटलो. संध्याकाळची वेळ, डोक्यावर पिवळा दिवा, टेबलावर चहाचे कप. कॅमेरा हातात घेतल्यावर मी चावी फिरवून शटरचा पडदा ताणला, बटण दाबले आणि कापडी पडद्याचा तो मऊ आवाज ऐकून पुरता विरघळलो. लेन्स काढून आत पाहावे असे मनात आले होते. तिचे आटे उलटे फिरवायला दहा सेकंदही लागत नाहीत. पण समोरचा माणूस आजोबांच्या आठवणी सांगत असताना त्यांच्या वस्तूची अशी झडती घेणे मला असभ्यपणाचे वाटले. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या बाबतीत तिने साठ हजार रुपये रोख मोजून दिले. पावती मागितली तेव्हा त्याने वहीतला कागद फाडून ‘जुना कॅमेरा, एक नग, जसा आहे तसा’ एवढे लिहून सही केली. त्या कागदावर लायका हा शब्द नाही, हे घरी येईपर्यंत माझ्या लक्षातही आले नाही.

पहिला रोल मी मोठ्या कौतुकाने भरला. या कॅमेऱ्यात फिल्म तळातून सरकवावी लागते आणि त्यासाठी तिचे टोक दहाएक सेंटिमीटर लांब, निमुळते कापून घ्यावे लागते. ते काम मी आजीच्या शिवणाच्या कात्रीने केले. नातीचे चार-पाच फोटो मी दीड मीटरवरून, लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र पूर्ण उघडे ठेवून काढले. रोल धुतल्यावर त्या सगळ्यांत तिच्या मागची कुंडी लख्ख होती आणि डोळे मात्र धूसर. दोष माझ्या हाताचा असेल असे समजून मी दुसरा रोलही घालवला.

शेवटी कॅमेरा घेऊन एका जुन्या कारागिराकडे गेलो. चाळीस वर्षे कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाने काही विचारले नाही. लेन्स फिरवून बाजूला ठेवली, कॅमेऱ्याच्या तोंडाच्या वरच्या भागातला रेंजफाइंडरचा दांडा टॉर्चच्या उजेडात मला दाखवला आणि म्हणाला, ‘साहेब, इथे चाक असायला हवे होते.’ खऱ्या लायकात लेन्सच्या पाठीला टेकणाऱ्या त्या दांड्याच्या टोकाशी लहानसे गोल चाक फिरत असते. माझ्या कॅमेऱ्यात तिथे पाचरीसारखा तिरपा धातूचा तुकडा होता. तो झॉर्कीचा, म्हणजे लायकावर बेतलेल्या रशियन कॅमेऱ्याचा होता. मग त्याने माथ्याची पट्टी खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपी धरली, तेव्हा पॉलिशखाली घासून काढलेल्या आधीच्या अक्षरांच्या पुसट खाचा मलाही दिसल्या. समोरून पाहिले तर त्या नाहीशा होत होत्या. पिवळ्या दिव्याखाली भेटण्यामागचे कारण मला त्या वेळी कळले.

त्यानंतर घरी बसून मी एकेक गोष्ट तपासली आणि लाज वाढत गेली, कारण निम्म्या खुणा मखमलीवरच्या फोटोतही दिसत होत्या. लायकावर येणाऱ्या त्या काळच्या एल्मार लेन्सवर नाभीय अंतर ‘५ सेमी’ असे कोरलेले असते, माझ्या लेन्सवर ‘५० मिमी’ होते. युद्धापूर्वीच्या एल्मारवर छिद्राचे आकडे ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५ आणि १८ अशा जुन्या युरोपीय क्रमाने येतात. माझ्या लेन्सवर ३.५, ४, ५.६, ८, ११, १६ असे होते. हा क्रम रशियन इंदुस्तार २२ लेन्सचा आहे, आणि १९३६ च्या म्हणवल्या जाणाऱ्या एल्मारवर त्याचे काही काम नाही. छिद्राच्या पात्या एल्मारमध्ये पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात, इथे त्या एक भिंग सोडून खोल होत्या. अनुक्रमांकाच्या याद्या सहज उपलब्ध आहेत, आणि माझ्या कॅमेऱ्यावरचा क्रमांक त्या यादीत दुसऱ्याच मॉडेलखाली निघाला. हे सर्व तपासायला मला एक संध्याकाळ लागली. खरेदीपूर्वी माझ्याकडे तशा चार संध्याकाळी होत्या.

झॉर्कीची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही. युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक झेर्झिन्स्की यांच्या नावाने चालणाऱ्या मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून लायकाच्या दुसऱ्या मॉडेलवर बेतलेला फेड कॅमेरा बनू लागला, आणि युद्धानंतर १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये त्याच वळणाचा झॉर्की निघाला. हे कॅमेरे लाखांच्या संख्येने बनले, स्वस्त होते आणि कामाला चोख होते. माथा घासून, सोनेरी मुलामा देऊन, ऑलिम्पिकची वर्तुळे किंवा जर्मन हवाई दलाचा गरुड कोरून त्यांचे लायका करण्याचा धंदा नंतरच्या लोकांचा. नक्षी जितकी ठसठशीत तितका संशय वाढवावा, कारण साध्या लायकाला खोटे अलंकार घालायचे कारण कोणाला नसते. माझ्याकडचा नग झॉर्की म्हणून घेतला असता तर सहा-सात हजारांत मिळाला असता.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो रागावला नाही. ‘काका, जुन्या मालाची गॅरंटी कोण देतो? तुम्ही पाहून घेतलात,’ असे म्हणून त्याने फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो लागेनासा झाला. आमच्यातले मेसेज एका दिवसात आपोआप नाहीसे होतील अशी सोय त्याने सुरुवातीलाच करून ठेवली होती. मी ती पाहिली होती, पण अर्थ लावला नव्हता. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला गेला, मात्र तिथल्या अधिकाऱ्याने पावतीवर बोट ठेवून लायका कुठे लिहिले आहे असे विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या हातातला खरा पुरावा म्हणजे पाच हजारांच्या व्यवहाराची नोंद आणि मोबाइलमध्ये उतरून राहिलेला तो मखमलीवरचा फोटो. साठ हजार रोख देणे हा माझा सर्वांत मोठा वेडेपणा होता, आणि पावतीवर कॅमेऱ्याचे नाव, मॉडेल व क्रमांक लिहून न घेणे हा दुसरा.

कारागिराने फोकस जुळवून दिला, आणि आता त्या झॉर्कीवर नातीचे डोळे स्पष्ट येतात. माथ्यावरची वर्तुळे घासून टाकू का, असे त्याने विचारले होते. मी ती तशीच ठेवली आहेत.

गेल्या महिन्यात तीच हिरवी मखमल मला पुन्हा दिसली. या वेळी तिच्यावर गरुड कोरलेला सोनेरी कॅमेरा होता, घराणे नाशिकचे होते आणि किंमत पंच्याऐंशी हजार होती. मुलाच्या मोबाइलवरून मी एकच प्रश्न पाठवला, की लेन्स काढून आतल्या दांड्याच्या टोकाचा फोटो मिळेल का. मेसेज वाचला गेल्याची खूण लगेच आली. उत्तर अजून आलेले नाही.