लिनक्सवर ॲनालॉग टीव्ही कार्ड: बीटी८७८ की पीव्हीआर-१५०?

संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी व रेकॉर्ड करण्यासाठी असलेल्या कार्डांपैकी बीटी८७८ चिपची कार्डे स्वस्त होती आणि त्यांचा बीटीटीव्ही ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो, त्यामुळे काम सोपे वाटते. मात्र यांतील अनेक बिननावाच्या कार्डांवर ओळख पटवणारी माहितीच नसल्याने ड्रायव्हरला अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला की चित्राऐवजी नुसती खरखर दिसते. अशा वेळी डीमेसग (कर्नलच्या नोंदी) वाचून, ट्यूनरच्या, म्हणजे वाहिनी पकडणाऱ्या भागाच्या, पत्र्याच्या डबीवरचा क्रमांक पाहून, मॉडप्रोब या ड्रायव्हर सुरू करणाऱ्या आदेशाला कार्ड आणि ट्यूनर यांचे आकडे स्वतः द्यावे लागतात. फिलिप्सच्या एफआय१२१६ या पाल (PAL, ॲनालॉग टीव्ही प्रसारणाची एक पद्धत) ट्यूनरसाठी तो आकडा ५ आहे. आवाजासाठी बहुधा साउंड कार्डापर्यंत वेगळी वायर ओढावी लागते, हा आणखी एक व्याप.

हॉपॉगचे पीव्हीआर-१५० याबाबतीत शहाणे आहे. त्याचा आयव्हीटीव्ही ड्रायव्हर २००७ मध्ये कर्नल २.६.२२ मध्ये सामील झाला. फर्मवेअरची (कार्डाच्या चिपमध्ये भरल्या जाणाऱ्या प्रोग्रामची) फाइल तेवढी /लिब/फर्मवेअर या फोल्डरमध्ये असावी लागते. चित्र आणि आवाज कार्डावरच एमपेग-२ या व्हिडिओ स्वरूपात आवळले (कॉम्प्रेस केले) जात असल्याने फाइल वाचणाऱ्या साध्या कॅट आदेशानेही रेकॉर्डिंग होते आणि प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो. याउलट बीटी८७८ पूर्ण आकाराचे कच्चे, म्हणजे न आवळलेले, पाल चित्र देते, म्हणजे सेकंदाला सुमारे २० एमबी, आणि ते आवळण्याचा भार प्रोसेसरवर पडतो.

रोजच्या रेकॉर्डिंगसाठी पीव्हीआर-१५० निर्विवाद सरस होते. जुन्या व्हीएचएस कॅसेटी जतन करायच्या असतील, तर मात्र मी बीटी८७८ निवडेन, कारण कच्चे चित्र हानीविरहित साठवता येते.